शेळी बघताना घ्यायची काळजी

मुंबईत काळा घोडा चौकाजवळच्या एखाद्या दालनात पेन्सिलीने काढलेल्या प्राण्यांचं प्रदर्शन लागलं असेल तर अवश्य जा. आत एसी असतो आणि बहुतेक वेळा तिकीट नसतं. फक्त चित्र कसं बघायचं ते ठाऊक हवं. म्हणजे शक्यतो बघायचंच नाही.

पांढऱ्या भिंतीवर पांढरा कागद दिसेल, त्यावर तीन-चार रेषा. 'हे काय आहे?' असं मोठ्याने विचारू नका. आमच्या दादरच्या मामांनी विचारलं होतं. वर 'आमची चिमी यापेक्षा बरा हत्ती काढते' असंही सांगितलं. तेव्हापासून मी त्यांना फक्त नाटकाला नेतो. तुम्ही दोन पावलं मागे सरा, मान जराशी कलती करा आणि म्हणा, "स्पेस काय बोलतेय!" मुंबईकराला मोकळी जागा दिसली की गहिवर येतोच, तो खोटा आणावा लागत नाही. एवढा कार्पेट एरिया आणि सामान काय, तर एक शेळी!

पुढची पायरी पिकासो. त्याने १९४५-४६ च्या हिवाळ्यात एकाच बैलाची ११ लिथोग्राफं, म्हणजे दगडावर काढून घेतलेले छाप, केली. सुरुवातीचा बैल चांगला धष्टपुष्ट, शेवटचा नुसत्या मोजक्या रेषांचा. हे कुजबुजत सांगा. (मामा म्हणाले, "म्हणजे आधीचे दहा वाया गेले?" त्यांना उत्तर देऊ नये.) मग कागदाकडे डोळे बारीक करून 'सिक्स बी' एवढंच पुटपुटा. पेन्सिलीवरचा बी-चा आकडा वाढतो तशी शिशाच्या कांडीत माती कमी, ग्रॅफाइट जास्त आणि रेघ मऊ, काळी. तुमचं म्हणणं कोणी खोडायला येत नाही.

फारच रंगात आलात तर बाहेरच्या चौकाचा दाखला द्या. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा पुतळा १९६५ साली घोड्यासकट उचलून भायखळ्याला नेला. २०१७ मध्ये इथे नवा घोडा आला, तो स्वाराशिवाय. अनावश्यक ते वगळणं याहून वेगळं काय असतं!

जाताना अभिप्रायाच्या वहीत 'अप्रतिम' लिहायचं, फोटो काढायचा, निघायचं. धोका एकच, फोनची बॅटरी संपण्याचा. माझी संपली. सोबतचा माणूस चहाला गेलेला, हातात काही नाही. नाइलाजाने चित्र बघावं लागलं.

कानापासून निघालेली रेघ पाठीवरून शेपटापर्यंत न उचलता गेली होती. मागचे पाय काढलेच नव्हते. पुढच्या गुडघ्याशी मात्र पेन्सिल इतकी दाबली होती की कागदाला खळगा पडलेला. शेळी बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, मग मागचा भाग खाली आणते. ही अर्धी बसली होती. सगळा भार त्या एका काळ्या ठिपक्यावर होता आणि मी ती बसायची वाट बघत उभा. दहा मिनिटं तरी गेली असतील. मित्र परत आला, म्हणाला, "कसं वाटलं?" आणि मला 'स्पेस' हा शब्दच आठवेना!

तेव्हा आत शिरल्याबरोबर आधी प्लग पॉइंट हेरून ठेवा. बहुधा वहीच्या टेबलामागे असतो.