ड्रॉपबॉक्सने लिनक्स सोडलेलं नाही

‘ड्रॉपबॉक्स लिनक्सवर आता फक्त ईएक्सटी४ डिस्कवरच चालतं’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. (ड्रॉपबॉक्स म्हणजे फायली नेटवर साठवून आपल्या संगणकांवर सारख्या ठेवणारी सेवा; ईएक्सटी४ ही लिनक्समध्ये डिस्कवर फायली मांडण्याची एक पद्धत.) बातमी खरी होती, पण शिळी आहे. ऑगस्ट २०१८मध्ये कंपनीने तसं कळवलं आणि नोव्हेंबरपासून बीटीआरएफएस, एक्सएफएस अशा दुसऱ्या पद्धती वापरणाऱ्यांचा आधार काढला. लोक भडकले, आणि रास्तच भडकले. मात्र जुलै २०१९च्या बीटामध्ये, म्हणजे चाचणी आवृत्तीत, ईक्रिप्टएफएस, बीटीआरएफएस आणि ६४-बिट यंत्रणेवर झेडएफएस व एक्सएफएस या पद्धतींना आधार परत आला.

अधिकृत लिनक्स ॲप नाही ते गूगल ड्राइव्हचं. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपच्या काही आवृत्त्यांत खातं जोडलं की ड्राइव्ह फोल्डरसारखी दिसते खरी, पण ते सिंक, म्हणजे दोन्हीकडच्या प्रती जुळत्या ठेवणं, नव्हे: फायली डिस्कवर उतरत नाहीत, नेट गेलं की उघडतही नाहीत. खरी प्रत हवी तर आरक्लोन हा फायली उतरवणारा प्रोग्रॅम वापरा. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करण्याची, थोडी सवय लागते, इतकंच.