तपकिरी फ्लेमिंगो

नेरूळच्या बालवर्गात हिवाळ्यात रंग काढले की फ्लेमिंगो येणारच. खाडीत ते उभे, चौकात त्यांचे पुतळे, त्यामुळे सगळ्यांची एकच मागणी: "टीचर, पिंक द्या!"

पिंकची बाटली आम्ही मुद्दाम ठेवत नाही. गुलाबी करायचा असतो. आधी पांढरा, चमचाभर. मग टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच लाल. उलटं करून पाहा. लालात पांढरा ओतत राहिलात तर बाटली रिकामी होते, पण लाल काही गुलाबी व्हायला तयार होत नाही.

एवढं करूनही पक्षी तपकिरी होतो, कारण गवत. हिरवा ब्रश न धुता गुलाबीत गेला की संपलं. लाल आणि हिरवा एकत्र आले की तपकिरीच होणार. म्हणून एका टेबलावर दोनच रंग ठेवावेत, पिवळा-लाल किंवा पिवळा-निळा. तिसरा आला की चिखल. हा चित्रकलेचा तास आहे हा पालकांचा गैरसमज आहे. हा पाण्याचा आणि फडक्याचा तास आहे, रंग निमित्तमात्र.

पाण्याला उंच ग्लास नको, कोपर लागलंच म्हणून समजा. पसरट, जड वाडगा, तोही एक तृतीयांशच भरलेला. क्रम असा: बुडव, खळखळ, काठाला पूस, फडक्यावर टेक. यातलं 'खळखळ' सगळ्यांना पहिल्या दिवशी येतं. बाकीच्या तीन पायऱ्यांना दिवाळी उजाडते. वॉटरबॅग टेबलावर नको; ब्रशचं पाणी आणि प्यायचं पाणी यांत अडीच वर्षांचा माणूस भेदभाव करत नाही.

ब्रश 10 किंवा 12 नंबरचा गोल, दांडा आखूड. काही आया हौसेने 2 नंबरचा नाजूक ब्रश पाठवतात. पण या वयात ब्रश मुठीत धरला जातो आणि हात खांद्यापासून फिरतो. नाजूक ब्रशचा दहा मिनिटांत खराटा होतो. ब्रश ढकलायचा नाही, मागे ओढायचा. मांजराला कुरवाळतो तसा, केसांच्या दिशेने. निम्मा वर्ग मांजरालाही उलटंच कुरवाळतो, हे नंतर कळतं.

काम झाल्यावर ब्रश पाण्यात उभा ठेवला की केस वाकतात, पाणी पत्र्याच्या पट्टीत शिरतं, गोंद सुटतो आणि पुढच्या चित्रातल्या फ्लेमिंगोला खरेखुरे केस येतात. साबणाने धुवा, बोटांनी टोक जुळवा, टॉवेलवर आडवा ठेवा. हे काम मुलं आमच्या मावशींपेक्षा मन लावून करतात. फक्त साबण लवकर संपतो.

कागद झेरॉक्सचा, पातळ 75 जीएसएमचा, अजिबात नको. पक्ष्याच्या पोटावर रंगाचा तिसरा हात फिरला की भोक. 150 जीएसएमचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद घ्या, ए-थ्री, चारही कोपरे मास्किंग टेपने टेबलाला चिकटवून. ओलं चित्र दोरीवर टांगू नका, रंग ओघळतो आणि पक्षी लांबट होतो. पंख्याखाली आडवंच वाळवा. पावसाळ्यात तेही वाळत नाही, तेव्हा खडू काढा.

प्रदर्शनाच्या दिवशी खरी परीक्षा आमची.

"टीचर, बाकीच्यांच्या पक्ष्यांना पाय आहेत, आमच्याच्याला का नाहीत?"

"ताई, तो पाण्यात उभा आहे ना."

"आणि रंग?"

इथे आम्ही शास्त्राचा आधार घेतो. फ्लेमिंगोची पिल्लं करडी-तपकिरीच असतात, गुलाबीपणा पुढे खाण्यातून चढतो. हे पिल्लू आहे. आया मान डोलावतात. एखादी मात्र हळूच विचारते, "पाय मी घरी काढून आणू का?" नको, ताई. तुमचे पाय फार सुबक येतात, लगेच कळतं.

गणवेशावर डाग पडला तर ओला असतानाच गार पाण्यात टाका, मग साबण. लालची हमी आम्ही देत नाही. पुढच्या शुक्रवारी लालच आहे, तेव्हा जुना टी-शर्ट पाठवा. नवा घालून "जपून हं" असं बजावू नका. पोरगं ब्रश सोडून टी-शर्टच जपत बसतं.