रूट कॅनालची दाढ, सुपारीचे खांड आणि कॅपचा ‘धंदा’

‘रूट कॅनाल केलेली दाढ मेलेली असते, ती सुकून ठिसूळ होते, तरी सिमेंट भरले की पुरे, आत पिन घातली तर आणखी मजबुती येते, कॅप हा निव्वळ पैसे काढण्याचा धंदा आहे,’ असा एक संदेश कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर पुन्हा पुन्हा फिरतो. एकच दाढ ठिसूळही आणि कॅपवाचून भक्कमही कशी, हे पाठवणाऱ्यांनाच ठाऊक.

पहिला मुद्दा ठिसूळपणाचा. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकाच माणसाच्या तोंडातील रूट कॅनाल केलेला दात आणि दुसऱ्या बाजूचा तसाच जिवंत दात अशा 23 जोड्या तपासल्या गेल्या, तेव्हा नस काढलेल्या दाताच्या डेंटिनच्या, म्हणजे वरच्या कवचाखालच्या कठीण थराच्या, चिवटपणात लक्षणीय फरक आढळला नाही. कठीणपणा तेवढा साडेतीन टक्क्यांनी कमी भरला. दात सुकल्यामुळे फुटतो, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

मग तो फुटतो कशाने? कीड आणि तिच्यासाठी कोरलेला खड्डा यांत दाताचा जो भाग गेलेला असतो, त्याने. काढलेल्या उपदाढांवरील 1989 च्या प्रयोगात, रूट कॅनालसाठी पाडलेल्या छिद्राने दाताचा ताठपणा पाचच टक्क्यांनी घटला. मात्र पुढच्या आणि मागच्या शेजारी दातांकडच्या दोन्ही कडा कोरून आरपार खड्डा केल्यावर तो तब्बल 63 टक्क्यांनी घटला. सुपारीचे खांड किंवा कुर्लीचा डेंगा (खेकड्याची नांगी) अशा दाढेवर फोडताना तो घास गालाकडच्या आणि जिभेकडच्या उंचवट्यांच्या उतारांवर पाचरीसारखा बसतो आणि त्यांना एकमेकांपासून दूर रेटतो. कडा शाबूत असतात तोवर त्या हा रेटा पेलतात. त्या गेल्या की दर चावण्यासरशी उंचवटे किंचित वाकतात आणि खड्ड्याच्या तळाच्या कोपऱ्यात सूक्ष्म तडा हळूहळू वाढत जातो. म्हणूनच वर्षानुवर्षे सुपारी फोडणारी दाढ एखाद्या दिवशी मऊ भाकरीवरही तुटते, आणि दोष बिचाऱ्या भाकरीला लागतो.

राहिला सिमेंटचा, म्हणजे नुसत्या भरणाचा दावा. चांदीचे भरण खड्डा बुजवते, पण दाताला चिकटत नाही, त्यामुळे उंचवट्यांना बांधून ठेवत नाही. कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे भरण, चिकटते आणि काही ताठपणा परतही देते; पण भिंती पातळ असतील तर तेवढ्याने भागत नाही. तिथे उंचवटे झाकणारी कॅप लागते, कारण ती त्यांना फाकू देत नाही. कॅप सरसकट लागते असे मात्र नाही: पुढचा दात बाकी शाबूत असेल आणि मागून छोटेच छिद्र पाडलेले असेल, तर भरण पुरते. तिथेही कॅपचा आग्रह होत असेल, तर कारण जरूर विचारावे.

पिनीचा दावा सर्वांत धोक्याचा आहे. पिन, म्हणजे मुळात बसवलेली काडी, दाताला बळ देत नाही. वरच्या भरणाला आधार उरला नसेल, तर ते धरून ठेवण्यापुरतीच ती असते. तिच्यासाठी मुळातले डेंटिन आणखी कोरावे लागते, आणि त्यामुळे पातळ झालेले मूळ उभे चिरले, तर बहुतेक वेळा दाढ काढण्यावाचून उपाय उरत नाही.