बचत गटाच्या भिंतीवर नियम एकच हवा, चालू असलेला

आमच्या गटाची बैठक भरते त्या खोलीच्या भिंतीवर मागच्या महिन्यापर्यंत अकरा कागद होते. दशसूत्री (गटानं पाळायचे दहा नियम), बँकेचं जुनं पत्र, कुठल्याशा प्रशिक्षणाची सूचना, आणि अंतर्गत कर्जाचे, म्हणजे गटाच्या पैशातून सदस्यांना दिलेल्या कर्जाचे, नियम दोनदा. एका कागदावर महिन्याचं व्याज ‘शेकडा दोन रुपये, पूर्ण रकमेवर’, दुसऱ्यावर ‘शेकडा दोन रुपये, उरलेल्या मुद्दलावर’. दुसरा ठराव नंतरचा, इतिवृत्तात सगळ्यांच्या सह्यांनिशी. पण पहिला कुणी काढलाच नाही, आणि तोच जास्त ठळक अक्षरात.

आमच्यातल्या एका काकूंनी शेळ्यांसाठी दहा हजार घेतले होते. दहा हप्ते, दरमहा हजार मुद्दल. त्या प्रत्येक बैठकीत बाराशे ठेवत गेल्या आणि आम्ही खतावणीत लिहीत गेलो. खातं बंद करताना मी बेरीज केली तेव्हा दोन हजार व्याज दिसलं. उरलेल्या मुद्दलावर धरलं असतं तर पहिल्या महिन्याला २००, मग १८०, मग १६०, असं उतरत शेवटी २०. एकूण ११००. म्हणजे ९०० रुपये जास्तीचे, आणि ते आपल्याच बाईकडून. ‘भिंतीवर तसंच लिहिलंय ना,’ काकू म्हणाल्या. पैसे त्याच बैठकीत परत केले, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं १९९२ साली ५०० गटांपासून बँकजोडणी, म्हणजे बचत गटांना बँकेचं कर्ज मिळवून देणं, सुरू केली. पण तेव्हाही आणि आताही अंतर्गत कर्ज हाच गटाचा कणा आहे. नियमित बैठक आणि बचत आपण काटेकोर पाळतो, मग कर्जाचा नियम इतका विस्कळीत का? रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना सांगितलंय की किरकोळ कर्ज देताना व्याज आणि सगळे खर्च कर्जदाराला कळेल अशा भाषेत आधी लेखी द्या. गटाला ते बंधनकारक नसेल, पण आपल्या बायकांना तेवढं तरी मिळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून आम्ही भिंत रिकामी केली. आता तिथे एकच तक्ता आहे: कर्ज किती मिळतं, व्याज कशावर, हप्ता चुकला तर काय, आणि दहा हजारांचा महिन्यागणिक हिशेब. खाली ठरावाची तारीख. नवा ठराव झाला की त्याच बैठकीत जुना तक्ता उतरवायचा, तो फाइलला जाईल. बाकी सूचना दाराजवळ, तारीख उलटली की काढायच्या. वाचता न येणाऱ्या दोघी आहेत, त्यांच्यासाठी कर्जवाटपाआधी तक्ता मोठ्यानं वाचतो. याला पाच मिनिटं लागतात. काहींना तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, मला अजिबात वाटत नाही.

तक्ता मी डोळ्यांच्या उंचीवर लावत होते. काकू म्हणाल्या, ‘अगं, खाली लाव. आपण सतरंजीवर बसतो ना?’