‘देशासाठी हसत हसत गेले’ म्हणण्याआधी

दुसऱ्या महायुद्धात विमानासकट शत्रूच्या जहाजावर आदळून मरायला पाठवलेल्या जपानच्या कामिकाझे वैमानिकांचे फोटो आणि खाली ‘याला म्हणतात देशभक्ती!’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरतोय. फोटोतली पोरं हसतायत, कपाळाला पट्ट्या बांधल्यात. मला या पोरांबद्दल फार माया वाटते, म्हणूनच तो मजकूर वाचून संताप होतो.

सुरुवात कशी झाली ते बघा. ऑक्टोबर १९४४, फिलिपिन्समधला मबालाकात तळ. जपानचे मुरलेले वैमानिक बहुतेक संपले होते, विमानं मोजकी उरली होती. ‘झिरो’ या जपानी लढाऊ विमानाला २५० किलोचा बॉम्ब बांधून ते थेट अमेरिकन जहाजावर घालायचं, हा मार्ग व्हाइस ॲडमिरल ताकिजिरो ओनिशीने काढला. पहिल्या तुकडीचा प्रमुख नेमला २३ वर्षांचा युकिओ सेकी. त्याचं लग्न त्याच वर्षी झालेलं. निघण्याआधी तो एका वार्ताहराशी बोलला. आपल्यासारख्या चांगल्या वैमानिकाला मारावं लागत असेल तर जपानचं काही खरं नाही, आणि आपण सम्राटासाठी नाही, बायकोसाठी जातोय, असं त्याचं म्हणणं होतं. २५ ऑक्टोबरला त्याच्या तुकडीने ‘सेंट लो’ ही अमेरिकन विमानवाहू नौका बुडवली. देशाने त्याला युद्धदेव केलं. त्याचं ते बोलणं युद्ध संपेपर्यंत छापून येणं शक्यच नव्हतं.

‘पण ते स्वखुशीने गेले ना?’ हा प्रश्न हमखास येतो. काही ठिकाणी कागद वाटला जायचा: तीव्र इच्छा आहे, इच्छा आहे, इच्छा नाही. खाली नाव लिहायचं. काही ठिकाणी सगळ्यांना रांगेत उभं करून ‘तयार असतील त्यांनी एक पाऊल पुढे या’ म्हणायचे. शेजारचा मित्र पुढे गेल्यावर विशीतला कोणता पोरगा जागेवर थांबेल? शिवाय १९४३ मध्ये साहित्य, कायदा, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांची लष्करभरतीतली सवलत काढून घेतली होती. नौदलाच्या या मोहिमेत मेलेल्या अधिकाऱ्यांपैकी बहुतेक जण असे वर्गातून उचललेले विद्यार्थी होते. पेशाने नौदल अधिकारी असलेले त्या मानाने कमीच.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ऱ्योजी उएहारा. नागानोच्या डॉक्टरांचा मुलगा, केइओ विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणारा, २२ वर्षांचा. ओकिनावा या जपानी बेटावरच्या लढाईसाठी लष्कराची विमानं क्यूशू बेटावरच्या चिरान तळावरून सुटायची. तिथे निघण्याच्या आदल्या रात्री त्याने जे लिहून ठेवलं, ते वाचून आजही हात थरथरतात. हुकूमशाही राष्ट्रं काही काळ बलाढ्य दिसली तरी शेवटी हरतातच, इटली-जर्मनीकडे पाहा, असं हा मुलगा लष्कराच्या तळावर बसून लिहितो. वैमानिक म्हणजे विमानाची दांडी धरणारं नुसतं यंत्र, असंही लिहितो. उद्या एक स्वातंत्र्यवादी माणूस जग सोडून जाईल, म्हणतो. आणि मग जातो. घरी ठेवलेल्या एका पुस्तकात त्याने एकेका अक्षराभोवती गोल काढले होते. ती अक्षरं जोडली की एका मुलीचं नाव येतं, आणि पुढे निरोप: मला तू आवडायचीस. तिचं लग्न दुसरीकडे ठरलेलं होतं. त्याचे दोन्ही थोरले भाऊही युद्धातच गेले.

तो गेला ११ मे १९४५ ला. त्याच दिवशी चिरानहून निघालेला आणखी एक जण होता ताक ग्योंग-ह्योन. कोरियन, कागदोपत्री जपानी नाव फुमिहिरो मित्सुयामा. आदल्या रात्री तो तोमे तोरिहामा बाईंच्या खाणावळीत गेला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि आपल्या भाषेत ‘आरिरांग’ हे कोरियन लोकगीत गायला. त्याचा देश जपानने गिळलेला. याला कोणत्या देशासाठी मेला म्हणायचं? पलीकडचंही विसरू नका: त्याच दिवशी नौदलाच्या दोन विमानांनी ‘बंकर हिल’ या अमेरिकन विमानवाहू नौकेवर जवळपास ४०० अमेरिकन मारले. तीही बरीचशी विशीतलीच पोरं.

या पोरांना भित्रं किंवा माथेफिरू म्हणणारेही मला पटत नाहीत. मरायचं पक्कं ठाऊक असताना विमान शेवटपर्यंत सरळ धरायला काय लागत असेल! माझा राग आहे तो त्यांना पाठवणाऱ्यांवर. ओनिशीने शरणागतीच्या दुसऱ्या दिवशी पोट चिरून घेतलं, मेलेल्या वैमानिकांची माफी मागितली. ॲडमिरल मातोमे उगाकीने तर १५ ऑगस्टला, सम्राटाचं शरणागतीचं भाषण होऊन गेल्यावर, स्वतः मरायला निघताना आणखी तरुण सोबत नेले. कशासाठी?

आणि तोमोजी सासाकी. होक्काइदोचा, लष्कराचा वैमानिक. नऊ वेळा त्याला मरायला पाठवलं, नऊही वेळा तो जिवंत परतला. बॉम्ब टाकून परत येऊन पुन्हा लढणं जास्त उपयोगाचं, असं त्याचं साधं म्हणणं. पण त्याचा वीरमरण आल्याचा अहवाल वर केव्हाच गेला होता. त्यामुळे तो परतला की वरिष्ठ त्याच्यावर भडकायचे, पुढच्या वेळी नक्की मर म्हणून बजावायचे. सासाकी ज्या हवाई सेनेत होता, तिचा सेनापती क्योजी तोमिनागा. निघणाऱ्या पोरांना तो सांगायचा, शेवटच्या विमानात मी स्वतः येणार आहे. जानेवारी १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य जवळ आलं तसा तो विमानात बसून तैवानला निघून गेला.