विषाणूची लाज, तंबाखूचा मान

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक फॉरवर्ड फिरला. अमेरिकेत घशाचा कॅन्सर आता तंबाखूने नाही, विषाणूने होतो, असा त्याचा मथळा. खाली तासगावच्या दादाची प्रतिक्रिया: ‘बघा, न खाणाऱ्यालाबी होतोयच की. मग सोडून काय उपयोग?’ नेमका त्याच सुमारास इथे लंडनमध्ये आमच्या चिरंजीवांच्या शाळेतून एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, त्याच विषाणूवरच्या लसीचा संमतीफॉर्म घरी आला होता. मी ते ग्रुपवर लिहिलं, तर वहिनींनी विचारलं, ‘भावजी, ती बायकांची लस ना? पोराला कशाला?’

दादाला आणि वहिनींना वेगवेगळं उत्तर द्यावं लागतं, पण दोघांचा घोटाळा एकच आहे. आपल्याकडे कॅन्सरच्या कारणांची क्रमवारी जीवशास्त्र लावत नाही, ‘लोक काय म्हणतील’ हे लावतं.

आधी फॉरवर्डबद्दल. तो निव्वळ थाप नव्हता. घसा म्हणजे एक सलग नळी नव्हे. टॉन्सिल, जिभेचं मूळ, पडजिभेचा भाग हा एक टापू, त्याच्या खाली स्वरयंत्र, आणि स्वरयंत्राच्या मागून अन्ननलिकेकडे जाणारा भाग. यातल्या पहिल्या टापूतले कॅन्सर अमेरिकेत सुमारे ७० टक्के वेळा एचपीव्हीशी, आणि त्यातही मुख्यतः त्याच्या १६ क्रमांकाच्या प्रकाराशी जोडलेले आढळतात. टॉन्सिलच्या खोल खाचांत हा विषाणू घर करतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी पी५३ आणि आरबी ही दोन प्रथिनं तो निकामी करतो, आणि कॅन्सर दिसतो तो वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी. रुग्णांत बायकांपेक्षा पुरुष कितीतरी जास्त. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे हेच विषाणू असतात हे दाखवणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं.

दादाने वाचलं नाही ते पुढचं आहे. सत्तर टक्के हा वाटा आहे, धोका नव्हे. तिकडे कित्येक दशकं सिगारेट कमी होत गेली. तंबाखूचे रुग्ण घटले, विषाणूचे वाढले, म्हणून विषाणूचा वाटा एवढा मोठा दिसतो. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले, आणि त्यातले बहुतेक ओढणारे नव्हते, चघळणारे होते. अशा ठिकाणी अमेरिकेचा वाटा आणून चिकटवायचा म्हणजे कोकणातल्या पावसाचा आकडा वाचून जतमध्ये भाताची लावणी करण्यासारखं आहे. आपल्याकडच्या तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचं मोठं कारण आजही तंबाखू, सुपारी, विडी आणि दारू हेच आहे.

आणखी एक गोष्ट त्या फॉरवर्डमध्ये नव्हती. विषाणूमुळे झालेला घशाचा कॅन्सर उपचारांना चांगली दाद देतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनंतर एचपीव्ही असलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के रुग्ण हयात होते, नसलेल्यांपैकी ५७ टक्के. पण एचपीव्हीवाल्यांतही ज्यांनी वर्षानुवर्षं सिगारेट ओढली होती, त्यांचा हा फायदा घटला. म्हणजे कारण विषाणू असलं तरी तंबाखूची व्यसनी माणसं मागेच राहिली. ‘सोडून काय उपयोग’ याचं उत्तर हे आहे, दादा.

आता मानाचं बघा. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात बैठक जमते तेव्हा एकाची डबी सगळ्यांत फिरते. तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाने काढलेला चुना, अंगठ्याने रगडणं, मग दोन चापट्या मारून धूळ उडवायची आणि समोरच्यापुढे हात करायचा. ‘घ्या पाव्हणं.’ नको म्हणणारा शिष्ट ठरतो. त्या चुन्याचं काम काय, हे त्या बैठकीत कुणी विचारत नाही. चुन्याने तंबाखूतलं निकोटिन मोकळं होऊन झपाट्याने रक्तात उतरतं, म्हणून तर तलफ भागते. पहाटे चुलीपाशी मशेरी लावणारी आजी, विदर्भात खर्रा घोटून घेणारी पोरं, मावा, गुटखा. ही सगळी ‘सवय’. व्यसन हा शब्द आपण दारूसाठी राखून ठेवलाय.

आणि हे अडाणीपणामुळे चालतं असंही नाही. आमच्या तासगावचे आर. आर. आबा फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरने गेले, ५७ व्या वर्षी. ते तंबाखू खात, हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत होतं. त्यांच्या अंत्ययात्रेला जमलेल्या गर्दीतल्या किती जणांच्या खिशात डबी असेल, हा विचार तेव्हाही मनात आला होता. शरद पवार स्वतःच्या तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर जाहीर सभांतून तंबाखू-सुपारीविरुद्ध बोलत आलेत. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. टपरीवाल्यांकडे त्यावर तोड तयार होती: पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, दोन्ही तोंडात एकत्र. कायदा कागदावर आणि गुटखा गालात.

विषाणूचं मात्र उलटं. एचपीव्ही लैंगिक संबंधातून पसरतो, एवढं कळलं की चर्चा थेट चारित्र्यावर येते. मुलगा बारा वर्षांचा, त्याला आत्तापासून असली लस? म्हणजे तुम्ही काय गृहीत धरलंय? वास्तविक लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला आयुष्यात कधी ना कधी या विषाणूंपैकी एखादा भेटतो. एकच जोडीदार असला तरी. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, थोड्यांत चिकटून बसतो. लस लहानपणीच द्यायची ती एवढ्याचसाठी की विषाणूशी गाठ पडण्याआधी ती दिली तरच पुरता उपयोग. धनुर्वाताची लस घेताना पोरगा गंजक्या खिळ्यावर पाय देणार आहे का, असं कुणी विचारत नाही.

इंग्लंडमध्ये २००८ पासून मुलींना आणि सप्टेंबर २०१९ पासून बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाही ही लस शाळेत देतात. २०२३ पासून एकच डोस. मुलाने दप्तराच्या तळाशी चुरगळून आणलेल्या त्या पत्रकात तोंड आणि घशाचा कॅन्सर सरळ छापलेला होता, कुठे आडपडदा नाही. इथल्या कायद्यात आणखी एक गंमत आहे. मुलाला लस म्हणजे काय, कशासाठी, हे नीट समजत असेल तर आई-बापांचा फॉर्म नसतानाही तो स्वतः संमती देऊ शकतो. हे ऐकून आमच्या मराठी मंडळातल्या एक बाई केवढ्या अस्वस्थ झाल्या होत्या.

पण या बाबतीत मी गावाकडच्यांना निव्वळ मागास म्हणून झटकणार नाही. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत याच लसीचा प्रकल्प झाला. खम्ममच्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर अनेक ठिकाणी वसतिगृहाच्या वॉर्डनने सह्या केल्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले, २०१० मध्ये प्रकल्प थांबला. मृत्यूंचा लसीशी संबंध असल्याचं चौकशीत दिसलं नाही. पण संमतीचा जो खेळखंडोबा झाला होता तो खराच होता, आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. इथे तेरा वर्षांच्या पोराला विचारतात आणि तिथे पोरीच्या आई-बापांनाही विचारलं नव्हतं. त्यानंतर लोक शंका घेणारच. त्या शंकेला उत्तर द्यायला हवं, हसायला नको.

इथलं सगळं गोड आहे अशातलाही भाग नाही. लस फुकट, तीही शाळेत, तरी मुलांचं प्रमाण मुलींपेक्षा कमीच राहतं. सिगारेट ओढणारा इथे इमारतीबाहेर पावसात उभा राहतो, पण दारूला कुणी नाव ठेवत नाही. दारू आणि तंबाखू एकत्र आले की घशाचा धोका नुसता दुप्पट होत नाही, गुणाकाराने वाढतो. हे माहीत असलेली आपली माणसंही दिवाळीच्या कार्यक्रमानंतर ग्लास हातात घेऊनच गप्पांना बसतात. आणि वेम्बलीतल्या ईलिंग रोडवर फिरून या: पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेले फुटपाथ, थुंकू नका म्हणून कौन्सिलच्या पाट्या. सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सरला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच सांगितलंय. इथल्या दक्षिण आशियाई लोकांसाठी चघळण्याच्या तंबाखूबद्दल २०१२ साली वेगळी सरकारी मार्गदर्शिका काढावी लागली. व्हिसाबरोबर सवयही येते.

वहिनींना मी एवढंच लिहिलं: गर्भाशयमुखाची तपासणी तरी आहे, वेळीच कळतं. घशाची तशी, त्रास सुरू होण्याआधीच पकडणारी कुठलीही चाचणी नाही. मानेला न दुखणारी गाठ आली, एका बाजूचा घसा किंवा कान आठवडेच्या आठवडे दुखत राहिला, गिळताना अडकायला लागलं, तेव्हाच माणूस डॉक्टरकडे जातो. म्हणून मुलग्यांसाठीही लस.

लस परदेशातून यायला हवी अशातला भाग नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आली, बाहेरच्या लशीपेक्षा स्वस्त, आणि त्यात १६ क्रमांकाचा प्रकार आहे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाचा उल्लेख केला. सरकारी डोस मोजके असतील तर आधी मुलींना, हे मला मान्य आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने मरणाऱ्या बायकांची संख्या आपल्याकडे फार मोठी आहे. पण आमच्या ग्रुपवरची बहुतेक घरं पोराच्या मोबाइलवर याहून कितीतरी जास्त खर्च करतात. त्यांनी बालरोगतज्ज्ञाला विचारायला सरकारी आदेशाची वाट बघायचं कारण नाही.

वहिनी विचारते म्हणाल्या. दादाने निळ्या टिका येऊनही उत्तर दिलेलं नाही. त्याच्या धाकट्याचं लग्न ठरतंय, मांडवात डबी फिरणारच. यंदा बैठकीच्या मधोमध बसून मी ती पुढे सरकवणार नाही, शिष्ट तर शिष्ट.