प्लाऊवाल्या दादा, मी तुझं काय घोडं मारलंय?

अमेरिकेतल्या मिनेसोटातला जानेवारी. सकाळी अंधारात, उणे अठरा सेल्सिअसमध्ये, डांबर दिसेपर्यंत ड्राइव्हवेवरचा, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीच्या वाटेवरचा, बर्फ साफ केला. कमरेचा काटा ढिला झाला. आत येऊन चहाचं आधण ठेवतोय तोवर बाहेर प्लाऊची, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या ट्रकची, घरघर, लुकलुकते दिवे, आणि गेले साहेब! रस्त्यावरचा सगळा माल ढकलून माझ्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर बांध घालून गेले.

आणि हा बांध म्हणजे फोटोतला भुसभुशीत स्नो नव्हे. गाड्यांनी तुडवलेला, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या पाण्यात भिजलेला, करडा, नारळाएवढे गोटे असलेला ऐवज. प्लास्टिकचं फावडं त्यात घुसत नाही, वाकतं. थोडा वेळ तसाच सोडला की दगड. बरं, परत रस्त्यावर लोटावा, तर ते कायद्याने गुन्हा! म्हणजे रस्त्यावरचं माझ्या दारात आणून टाकलं ती नागरी सेवा, आणि मी साभार परत केलं की गुन्हा. वा रे न्याय!

या राज्यात प्लाऊंना नावं द्यायची स्पर्धा होते. 2021 साली ‘प्लाउई मॅकप्लाउफेस’ निवडून आला. लोक कौतुकाने मतं देतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मिठाची तर वेगळीच गंमत. साधं मीठ उणे नऊच्या खाली जवळजवळ कामच करत नाही. आमच्याकडे जानेवारीत उणे नऊ म्हणजे लोक जॅकेटची चेन उघडून फिरतात! मग ते मीठ बर्फ सोडून माझ्या गाडीचा पत्रा खातं. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या धुरातली वाफ रस्त्यावर बसून गोठते, दिसत काही नाही, ब्रेक दाबला की गाडी आपली सरळ निघाली भजन करत. तेवढ्यात मागून एक पिकअपवाला बंपरला नाक लावून हॉर्न देतो. अरे बाबा, फोर-व्हील ड्राइव्हने गाडी पळते, थांबत नाही! थांबायला टायरच लागतो. खिळ्यांचे टायर लावावेत, तर इथल्या रहिवाशांना बंदी, का तर त्याने रस्ते खराब होतात. रस्ते! मार्चमध्ये या बघायला. भेगांत पाणी शिरतं, गोठून फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि असे खड्डे पडतात की पुण्याचा माणूस गहिवरेल.

ऑफिसचा मेल नेहमीचाच: रस्ते निसरडे आहेत, जपून या. ‘येऊ नका’ म्हणायला जीभ झडते का? लिहिणारा स्वतः घरून काम करतोय, हे वेगळं सांगायला नको.

आणि या बांधावर उपाय नाही असंही नाही, म्हणून तर डोकं जास्त फिरतं. प्लाऊच्या पात्याच्या टोकाला एक झडप बसवता येते. ड्राइव्हवे आला की ती खाली करायची, बर्फ आडला जातो, पुढे गेल्यावर उचलायची. काही गावं वापरतात. आमच्या गावच्या कचेरीत फोन करून विचारलं. बाई गोड आवाजात म्हणाल्या, त्याने प्लाऊला वेळ जास्त लागतो.

प्लाऊला वेळ लागतो! आणि मी काय इथे पेन्शन घेऊन बसलोय?